बाकी अकरा मिली

वूस्टरमध्ये, तारा ओढायच्या जुन्या कारखान्यात
आता आमचं गोदाम आहे.
मंगळवारी पंप येतात,
इस्पितळांनी काढून टाकलेले इन्फ्यूजन पंप,
एका खोक्यात चाळीस.
कुणाच्या पाठीवर अजून चिकटपट्टी :
खोली सहा. हलवू नये.

माझं काम पुसायचं.
आधी स्पिरिटनं बाहेरून,
मग केबल जोडून आतून.
पुसण्याआधी जुन्या नोंदी आपोआप उघडतात.
वाचायच्या नसतात. मी वाचते.

तासाला चार मिली.
तीन बारा : नळीत हवा.
तीन बारा : आवाज बंद केला.
तीन चाळीस : नळी दुमडली.
तीन चाळीस : आवाज बंद केला.
बोट कुणाचं, ते पंपाला ठाऊक नाही.
त्याला नावं सांगत नाहीत, फक्त वजन :
एकोणपन्नास किलो.
पाच पस्तीस : थांबवला. बाकी अकरा मिली.
पुढे काही नाही.

शेजारच्या बाकावर अकोसुआ बॅटऱ्या बदलत होती.
विचारलं, अकरा मिली म्हणजे गं किती?
दोन चमचे आणि वर थोडं, ती म्हणाली,
आणि सांडलेला स्क्रू शोधायला वाकली.

गुरुवारी तिमाहीची बैठक.
पडद्यावर दोन रेघा.
निळी इस्पितळांची, ती सपाट.
नारिंगी घरांची, ती जिना चढत निघालेली.
लोकांना आपल्याच अंथरुणात बरं व्हायचं असतं,
ग्रेडन सांगतो.
विमा कंपन्यांनाही तेच परवडतं,
हे तो जरा हळू सांगतो.
घर हा आता एक सेगमेंट आहे.
पंप हवं तर भाड्यानं द्या, जुने द्या,
नळ्या मात्र आपल्याच लागणार,
दर तीन दिवसांनी नवी.
थेंबे थेंबे, मी मनात म्हटलं
आणि म्हण तिथेच सोडली.

मिरजेला माझी शालूमावशी नर्स होती.
तिच्या वॉर्डात पंप नव्हता.
मनगटावरचं घड्याळ नळीशेजारी धरून
ती थेंब मोजायची, ओठ न हलवता.
घरी येऊन सांगायची,
आज सात जणांना सलाईन चढवलं.
मी विचारायचे :
बाटली वर, माणूस खाली, थेंब तर उतरतो,
मग चढवलं का म्हणायचं?
गप जेव, म्हणायची.

नारिंगी रेघेकडे बघता बघता वाटलं,
मिळालं उत्तर.
मग वाटलं, छे,
हे ऐकून तिनं ताटच उचललं असतं.

शनिवारी जादा पैशांसाठी मी पंप पोचवते.
ग्रीनडेलच्या चढावर, बर्फ खरवडलेल्या पायऱ्या,
इंगर लिंडक्विस्ट दारातच उभी.
फ्रिजमध्ये हेरिंगच्या बरणीमागे
अँटिबायोटिकच्या सहा पिशव्या ओळीनं.
स्टँड अजून आला नव्हता,
म्हणून कोट टांगायच्या खुंटीवर,
अर्विडच्या जाड कोटाशेजारी लटकवली पिशवी.
पंप उलटा करून नंबर बघितला.
शेवटी चार, एक, सात.
डिंकाचा चौकोन अजून चिकट होता.

नवा दिसतोय, इंगर म्हणाली.
स्वच्छ आहे, मी म्हटलं.

रात्री हा ओरडला तर?
बटण दाखवलं : आवाज बंद.
तिनं सरावासाठी तीनदा दाबलं.
आणि मला जागच आली नाही तर?
याची स्लाइड ग्रेडनकडे नव्हती.
मी फोन नंबर लिहून दिला, कंपनीचा,
मग खाली माझा.

अर्विडचं वजन विचारलं.
तो लाजला, जुनं सांगू की आताचं?
आताचं, म्हटलं, आणि पंपाला सांगितलं.

पहिला थेंब सुटला.
इंगर खुर्ची ओढून बसली, मोजायला लागली.
मी म्हटलं, गरज नाही, तो स्वतः मोजतो.
हो का, म्हणाली,
आणि मोजत राहिली.